फळीआधी सांगाडा

प्रश्न : आमच्या बैठकीच्या खोलीच्या सरकत्या काचेच्या दारातून बाहेर पडलं की लाकडी डेक आहे, जमिनीपासून साधारण गुडघाभर उंच. दरवर्षी घासून, तेल देऊन तो टिकवला. मध्ये दोन वर्षं ते राहून गेलं आणि या पावसाळ्यानंतर एक फळी सासूबाईंच्या पायाखाली खचली. नशिबाने लागलं नाही. आता कॉम्पोझिटच्या, म्हणजे भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेल्या, फळ्या बसवायचं चाललंय. विक्रेता म्हणतो, "एकदा टाका आणि विसरून जा." ठेकेदार म्हणतो, खालचा लाकडी सांगाडा मजबूत आहे, फक्त फळ्या बदलू, आणि पोकळ फळ्या घेतल्या की बराच खर्च वाचेल. यजमानांना कोळशाच्या रंगाचा, जवळजवळ काळा डेक हवाय. डेकवर दुपारभर ऊन असतं आणि सासूबाई तिथे अनवाणी फेऱ्या मारतात. मला प्रत्येकाचं थोडं पटतं आणि थोडी शंका येते. काय करावं?

उत्तर : ताई, विक्रेत्याचं बोलणं अर्धं खरं आहे. ठेकेदाराचं बोलणं खाली वाकून बघितल्याशिवाय मानू नका. आणि रंगावरून यजमानांशी थोडा वाद घालावाच लागेल. तुमच्या पत्रात सगळी चर्चा वरच्या फळीची आहे. माझं म्हणणं असं की कॉम्पोझिट डेकचा निकाल फळीखाली लागतो, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

लाकडी डेक उघड्यावर भिजून लवकर कुजत नाही. पाऊस थांबला की उघडं लाकूड वाळतं. कुजतं ते पाणी अडकून बसतं तिथे, म्हणजे फळी खालच्या ज्या आडव्या तुळईवर, जॉइस्टवर, टेकते त्या तीन-चार बोटांच्या पट्ट्यात आणि स्क्रूच्या भोकांत. फळी खचली याचा अर्थ त्या पट्ट्यात पाणी बरीच वर्षं मुरत होतं, आणि ते फळीत मुरलं तर खालच्या जॉइस्टने काय पाप केलं होतं? तेव्हा ठेकेदाराला सांगा, आधी आठ-दहा फळ्या उचल, त्यातल्या निदान दोन भिंतीलगतच्या हव्यात. मग प्रत्येक जॉइस्टच्या माथ्यावर, जुन्या भोकाच्या अगदी शेजारी, टोकदार स्क्रूड्रायव्हर जोर देऊन दाबायचा. निरोगी लाकडावर फार तर ओरखडा उठतो. टोक पाच-सहा मि.मी. सहज आत शिरलं आणि बाहेर काढताना ओलसर, काळपट भुगा सोबत आला, तर तो जॉइस्ट गेला, बाजूने कितीही टवटवीत दिसो. हातोडीने ठोकूनही कळतं. चांगलं लाकूड टणटणीत वाजतं, कुजलेलं भद्द वाजतं. हे सगळं तुमच्या समोर होऊ द्या. "मजबूत आहे" हे वरून उभ्या उभ्या केलेलं निदान असेल तर त्याला किंमत नाही.

समजा, सांगाडा खरोखरच चांगला निघाला. तरी एक अडचण राहते. कॉम्पोझिटची फळी त्याच जाडीच्या लाकडी फळीपेक्षा लवचिक असते, ती जास्त अंतर पेलत नाही. लाकडाखाली जॉइस्ट ५०-६० सें.मी.वर असले तरी चालून जातं. कॉम्पोझिटला बहुतेक उत्पादक मध्यापासून मध्यापर्यंत ४० सें.मी.पेक्षा जास्त अंतर मान्य करत नाहीत. फळ्या तिरक्या, ४५ अंशांत बसवायच्या असतील तर ते ३० वर येतं, पायऱ्यांना त्याहूनही कमी. अंतर जास्त ठेवलं की पहिल्या वर्षी फळी पावलाखाली नुसती लपलपते, पुढे उन्हात मऊ पडून दोन जॉइस्टमध्ये कायमचा बाक धरते आणि त्या बाकात पाणी साचतं. टेप घेऊन तुम्ही स्वतः मोजा. अंतर जास्त निघालं तर मध्ये नवे जॉइस्ट घालावे लागतील, आणि तेवढं काम करायचंच असेल तर मी जुन्याच्या मोहात पडणार नाही. चांगल्या फळ्यांवर २५ वर्षांची वॉरंटी देणारे उत्पादक आहेत. ती फळी आणखी पाच-सात वर्षं टिकेल अशा लाकडावर बसवायची म्हणजे खालचं बदलताना वरचं सगळं पुन्हा उपसायचं.

नवा सांगाडा धातूचा करा. गॅल्व्हनाइज्ड लोखंडी सेक्शन किंवा अॅल्युमिनियम, दोन्ही चालतात. लोखंडी असेल तर वेल्डिंगच्या जागा डोळ्यांत तेल घालून बघा. वेल्डिंगच्या उष्णतेने तिथला जस्ताचा थर जळून जातो आणि गंजायला सुरुवात नेमकी सांध्यापासून होते. प्रत्येक सांधा घासून त्यावर झिंकयुक्त प्रायमरचे दोन हात हवेत, कापलेल्या टोकांवरही. अॅल्युमिनियम गंजत नाही, पण ओल्या सिमेंटला थेट टेकवलं तर खात जातं, म्हणून मध्ये रबर किंवा प्लास्टिकची पट्टी ठेवतात. लाकूडच हवं असेल तर ते प्रिझर्व्हेटिव्ह मुरवलेलं घ्या आणि प्रत्येक जॉइस्टच्या माथ्यावर ब्यूटिलची चिकटपट्टी लावून घ्या. ती स्क्रूभोवती आवळून बसते आणि पाणी भोकात उतरू देत नाही. स्वस्तातली गोष्ट आहे, पण सहसा गाळली जाते.

एक सापळा मात्र ओळखून ठेवा. काही ठेकेदार कॉम्पोझिटचेच जॉइस्ट सुचवतात. कुजायचे नाहीत म्हणून ऐकायला छान वाटतं. हे जॉइस्ट वजन पेलण्यासाठी नसतातच. सपाट, पक्क्या काँक्रीटवर पूर्ण लांबीभर टेकलेले असतील तरच ते चालतात. तुमचा डेक गुडघाभर उंच आहे, म्हणजे खाली खांब आणि वर अधांतरी पट्टे. तिथे ते वर्षभरात झोळ धरतील.

सांगाड्याचं काम चालू असतानाच उतार आणि हवा बघून घ्या, कारण फळ्या बसल्यावर दोन्ही सुधारता येत नाहीत. उतार घरापासून बाहेरच्या दिशेला, दर मीटरला एक सें.मी. पुरे. डोळ्यांना तो जाणवत नाही, पाण्याला जाणवतो. फळीवर खाचांची नक्षी असेल तर खाचा उताराच्या दिशेने जातील असं बघा, आडव्या गेल्या तर प्रत्येक खाच एक पन्हाळ होऊन बसते. डेकचा माथा दाराच्या उंबरठ्याच्या खाली राहू द्या, आणि भिंतीला फळी चिकटवू नका. हवेचं म्हणाल तर गुडघाभर उंची हे तुमचं नशीबच आहे. अनेकांना जमिनीला टेकलेल्या डेकखाली हवा खेळवण्यासाठी फार आटापिटा करावा लागतो. फक्त शोभेसाठी चारी बाजू पट्ट्यांनी गच्च बंद करू नका. आतली वाफ बाहेर पडली नाही तर फळी खालून ओली आणि वरून तापलेली राहते आणि काठ वर उचलले जातात. पट्ट्यांमध्ये बोटभर फट ठेवा, हवं तर आतून बारीक जाळी लावा म्हणजे उंदीर-घुशी बिऱ्हाड करणार नाहीत. एका कोपऱ्यात दोन-तीन फळ्या सहज उचलता येतील असं झाकण करून घ्या. त्याखाली नळ, वायर, गटाराचं तोंड काहीही असू शकतं, आणि नसलं तरी वर्षातून एकदा बॅटरी घेऊन आत डोकावायला तेवढी जागा लागते.

आता फळीकडे येऊ. कॉम्पोझिट म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक, ढोबळमानाने निम्मं-निम्मं, कधी भुसा थोडा जास्त. प्लास्टिक बहुधा पॉलिथिलीन, काही ठिकाणी पॉलिप्रॉपिलीन किंवा पीव्हीसी. त्यात रंग, ऊन सोसण्यासाठीची रसायनं, भुसा आणि प्लास्टिक एकमेकांना धरून राहावेत म्हणून जोडणारं द्रव्य, काहींत बुरशी रोखायला झिंक बोरेट. हे सगळं वितळवून साच्यातून दाबून काढतात. १९९० च्या दशकात या फळ्या बाजारात आल्या तेव्हा भुसा पृष्ठभागावर उघडाच असायचा. प्लास्टिकने वेढलेला भुसा पाणी पिणार नाही असा समज होता. तो प्यायला. काळे डाग पडले, कडा फुगल्या, रंग उडाला. मग २००० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात फळीवर निव्वळ प्लास्टिकचं पातळ आवरण एकाच वेळी चढवायची पद्धत रुळली. अशा फळीला कॅप्ड म्हणतात. आज बाजारात दोन्ही मिळतात, आणि दोन्हीला विक्रेता "कॉम्पोझिट" एवढंच म्हणतो.

म्हणून दुकानात गेल्यावर फळीचा चेहरा बघू नका, कापलेलं टोक बघा. कॅप्ड फळीच्या टोकाला कडेने वेगळ्या पोताची, मि.मी.च्या आतबाहेर जाडीची गुळगुळीत रेघ दिसते आणि आत भुसकट गाभा. ती रेघ चारी बाजूंना आहे की वरून आणि बाजूंनीच, हे विचारा. तीन बाजूंनी झाकलेली फळी उंच, हवेशीर डेकला चालते, पण पैसे पुरत असतील तर चारी बाजूंचीच घ्या. फळी जॉइस्टला धरून ठेवणाऱ्या क्लिपसाठी काठाला जी खाच असते तिच्या आतही आवरण गेलंय का बघा. कित्येकदा खाच नंतर कापलेली असते आणि तिथे गाभा उघडाच राहतो.

पोकळ की भरीव, यावर माझं मत पक्कं आहे: तुमच्या ठिकाणी भरीव. पोकळ फळी हलकी आणि स्वस्त असते, हे खरं. पण तिची ताकद मधल्या बारीक भिंतींत असते, जड कुंडी किंवा खुर्चीचा पाय दोन भिंतींच्या मध्ये आला तर वरचा पापुद्रा दबतो. टोकाला बुच लावतात. ते वर्षा-दोन वर्षांत सुटतं, मग नळ्यांमध्ये पाणी शिरतं, धूळ साचते, मुंग्या राहायला येतात. चालताना टकटक आवाजही येतो. ज्यांच्या पायाखाली एकदा फळी खचलीय त्या सासूबाईंना तो आवाज रोज ऐकवायचा का, एवढाच विचार करा. भरीव फळी चौरस मीटरला साधारण ३० किलोच्या आसपास भरते, सांगाडा त्या हिशोबाने करायचा.

पसंत पडलेल्या फळीचे वीतभर लांबीचे तीन-चार तुकडे मागून घ्या. देणारा कुरकुरला तर तेही एक उत्तरच समजा. एक तुकडा आठवडाभर पाण्यात बुडवून ठेवा, त्याआधी आणि नंतर टोकाजवळची जाडी व्हर्नियरने मोजा. टोकं उघडी असल्यामुळे थोडं फुगणारच, पण बोटाला कड जाणवण्याइतकं फुगलं किंवा पाणी चहाच्या रंगाचं झालं, तर गाभ्यात भुसा जास्त आणि पकड कमी आहे. दुसऱ्यावर तेलाचा थेंब टाकून रात्रभर ठेवा, सकाळी साबणाने धुवा. नाण्याच्या कडेने एक रेघही ओढून बघा. तिसरा तुकडा तुमच्याच डेकवर, तुमच्याच उन्हात ठेवा.

हा तिसरा तुकडा यजमानांसाठी आहे. शक्य तर त्यांच्या आवडीचा काळा आणि एक फिका, वाळूच्या किंवा राखाडी छटेचा, असे दोन शेजारी शेजारी ठेवा आणि दुपारी त्यांनाच अनवाणी उभं राहायला सांगा. थेट उन्हात गडद कॉम्पोझिटचा पृष्ठभाग ६० अंश सेल्सिअसच्या पुढे सहज जातो. त्यातून हा पदार्थ लाकडापेक्षा घन, त्यामुळे साठवलेली उष्णता तळव्याला भराभर देतो आणि ऊन उतरल्यावरही बराच वेळ गरम राहतो. सासूबाईंच्या संध्याकाळच्या फेऱ्या नेमक्या त्याच वेळेत येतात. फिका रंगसुद्धा उन्हाळ्यात तापेल, थंडगार राहणारं कॉम्पोझिट नसतं. पण फरक पायाला स्पष्ट कळतो. यजमानांचं मन अगदीच मोडवत नसेल तर कडेची एक फळी आणि पायऱ्यांच्या पुढच्या कडा गडद घ्या. पायरीची कड उठून दिसणं वयस्कर माणसाच्या दृष्टीने चांगलंच आहे.

तुमच्या सरकत्या दाराबद्दलही एक चौकशी करा. ऊर्जा वाचवणारी, लो-ई लेप असलेली काच ऊन परतवते, आणि काच किंचित जरी आत वळलेली असली तरी ते परतलेलं ऊन एका पट्ट्यात एकवटतं. त्या पट्ट्यात प्लास्टिक मऊ पडून फळी वेडीवाकडी होऊ शकते. असं नुकसान बहुतेक वॉरंट्यांमध्ये वगळलेलं असतं. एखाद्या कडक उन्हाच्या दिवशी तासातासाने बघा, काचेतून परतलेला झगझगीत पट्टा डेकवर पडतो का. पडत असेल तर काचेला बाहेरून जाळी किंवा वर छज्जा लागेल, फळी बदलून उपयोग नाही.

घसरण्याबद्दल विक्रेता "अँटी-स्किड आहे" एवढंच सांगेल. ओल्या पृष्ठभागाचा पेंड्युलम चाचणीचा आकडा विचारा. ३६ किंवा त्याहून जास्त असेल तर घसरण्याचा धोका कमी धरतात. कोरड्या पृष्ठभागाचा आकडा बिनकामाचा. शिवाय खोल खाचा म्हणजे पकड जास्त, असं डोळ्यांना वाटतं. खाचांत माती आणि शेवाळ बसलं की उलटं होतं. लाकडाच्या रेषांसारखा बारीक, खरखरीत पोत मला जास्त भरवशाचा वाटतो.

बसवताना सगळ्यात मोठी गफलत चांगले सुतारच करतात, आणि ती त्यांच्या हाताच्या सवयीमुळे होते. लाकूड दमटपणाने रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ हलत नाही. त्यामुळे सुतार दोन फळ्यांची टोकं एकमेकांना घट्ट भिडवतो, त्यात त्याला सफाई वाटते. कॉम्पोझिट उष्णतेने वाढतं आणि मुख्यतः लांबीत वाढतं. साडेतीन मीटरची फळी पहाटेच्या २० अंशांपासून दुपारच्या ६० अंशांपर्यंत तापली तर पाच-सहा मि.मी. लांब होते, पुन्हा रात्री आखडते. टोकं भिडवलेली असली तर वाढायला जागा नसते. मग दोन टोकं एकमेकांना रेटून तंबूसारखी वर उठतात, नाहीतर क्लिप उखडते. हे टाळायला टोकांमध्ये फट हवी. किती, ते उत्पादकाच्या तक्त्यात बसवतानाच्या तापमानाप्रमाणे दिलेलं असतं. साधारण तीन ते सहा मि.मी., थंडीत बसवलं तर जास्त, भर उन्हाळ्यात बसवलं तर कमी. भिंतीशी आणि खांबांभोवती एक सें.मी.च्या आसपास. शेजारशेजारच्या फळ्यांमध्ये पाच-सहा मि.मी.ची फट क्लिपच ठरवते. एवढं करूनही सकाळी ऊन चढताना डेक अधूनमधून कट्-कट् करेल. ती फळी क्लिपमधून सरकत असते, घाबरू नका.

दोन फळ्यांची टोकं जिथे येतात तिथे खाली एकच जॉइस्ट पुरत नाही, प्रत्येक टोकाला स्वतःचा आधार हवा, म्हणून तिथे जोड-जॉइस्ट घालतात. माझा सल्ला असा की सांधेच टाळा. डेकची लांबी एका फळीत बसत नसेल तर मध्ये एक आडवी फळी घालून दोन्ही बाजूंच्या फळ्या तिच्याशी थांबवा. दिसायलाही नेटकं दिसतं आणि सगळ्या फटी एका रेषेत येतात. बाहेरच्या कडेला फळी जॉइस्टच्या पुढे अडीच सें.मी.पेक्षा जास्त लोंबू देऊ नका.

क्लिप आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचे, ग्रेड ३०४. समुद्र जवळ असेल किंवा पोहण्याचा तलाव शेजारी असेल तर ३१६. काळे रंगवलेले साधे लोखंडी स्क्रू पहिल्याच पावसात तांबूस ओघळ सोडतात. प्रत्येक फळी एका ठिकाणी, शक्यतो मधोमध, पक्की करायची आणि बाकी क्लिपमध्ये सरकती ठेवायची, म्हणजे ती दोन्ही बाजूंना सारखी वाढते. सगळीकडेच स्क्रू ठोकून जखडली तर फटी ठेवूनही काही साधत नाही. पहिली आणि शेवटची फळी स्क्रूनेच बसते, तिथे आधी ड्रिलने भोक पाडून घ्यावं, नाहीतर टोकाशी तडकते.

फळ्या आल्या की सगळी बंडलं फोडून एकमेकांत मिसळा. एकाच रंगाच्या दोन घाण्यांत छटेचा फरक असतो. बंडलामागून बंडल बसवलं तर डेक अर्धा एका छटेचा, अर्धा दुसऱ्या छटेचा दिसतो. बसवण्यापूर्वी दोन दिवस त्या जागेवरच सपाट ठेवाव्यात. भिंतीला उभ्या टेकवल्या तर तिथेच बाक घेतात.

आता "विसरून जा" हे वाक्य. तेल, पॉलिश, रंग, वार्षिक घासकाम यातून तुमची सुटका होते, आणि आजवर तुमचे जे दिवस जात होते ते पाहता ही लहान गोष्ट नाही. विक्रेता इथपर्यंत खरं बोलला. झाडू मात्र सुटत नाही. सगळ्यात महत्त्वाचं काम फळ्यांमधल्या फटींचं. पानं, माती, केस तिथे अडकतात, ओले राहतात, पाणी खाली जाणं थांबतं. जॉइस्टच्या वर जिथे दोन फळ्या टेकतात तिथे हे जास्त होतं. पावसाळ्याआधी आणि नंतर एखादी पातळ पट्टी, जुनी पुट्टीची पत्रीही चालेल, फटींतून फिरवून घ्या. धातूची असेल तर काठ खरवडणार नाही इतक्या बेताने.

धुण्यासाठी कोमट पाणी, भांडी घासायचा सौम्य साबण आणि मऊ ब्रश, पोताच्या दिशेने. मग भरपूर पाण्याने खळखळून धुणं, कारण साबणाचा राहिलेला थर नव्या धुळीला धरून ठेवतो. पाणी क्षारयुक्त असेल तर वाळल्यावर पांढरे डाग दिसतात. ते फळीचे नसून पाण्याचे असतात, पातळ केलेल्या व्हिनेगरने जातात. काळे ठिपके दिसले की लोक घाबरून फळी सडली म्हणतात. बहुतेक वेळा ती वर बसलेल्या धुळीवर आणि परागांवर वाढलेली बुरशी असते, घासली की निघते. परत परत त्याच जागी आली तर तिथे पाणी का थांबतंय हे शोधा. तीव्र ब्लीच आणि अॅसिटोन फळीजवळ आणू नका, रंग जातो. तेलाचा डाग त्याच दिवशी पुसला तर काही उरत नाही.

प्रेशर वॉशर वापरायचाच असेल तर रुंद फवाऱ्याचं तोंड, १५०० पीएसआयच्या आतला दाब आणि निदान फूटभर अंतर. एका जागी धरून ठेवलेला फवारा आवरण सोलून काढतो. आणि कॅप्ड फळीला पॉलिश पेपर कधीही लावू नका. ओरखडा घालवायला म्हणून तासलं की आवरण जातं, आतला भुसा उघडा पडतो आणि वॉरंटीही संपते. बारीक ओरखडे उन्हापावसात आपोआप मंदावतात. खोल ओरखडा आला तर ती फळी बदलायची, एवढाच उपाय.

रबराच्या तळाची पायपुसणी ठेवू नका. रबरातलं रसायन फळीत उतरून त्या आकाराचा पिवळट डाग कायमचा राहतो. कुंड्यांना पाय असलेलं स्टँड द्या. जड फर्निचर ढकलू नका, उचला. आणि जळता निखारा, कोळशाची शेगडी, गरम भांडं डेकवर थेट नको. फळीत प्लास्टिक आहे, ती वितळते आणि जळतेसुद्धा.

वॉरंटीचा कागद पैसे देण्याआधी मागून वाचा. साधारणपणे ती कुजणं, तडकणं, वाळवी याविरुद्ध असते. रंग फिका होण्याची वेगळी असते आणि तिच्यात "डेल्टा ई ५" सारखा आकडा असतो. म्हणजे यंत्राने मोजलेला रंगफरक त्या आकड्याच्या आत असेल तर तक्रार ऐकून घेणार नाहीत, आणि तेवढा फरक डोळ्यांना दिसतो. नवी फळी मिळेल, पण जुनी काढून नवी बसवायची मजुरी मिळेलच असं नाही. सूचनेप्रमाणे अंतर आणि फटी ठेवल्या नाहीत तर काहीच मिळत नाही. म्हणून काम चालू असताना जॉइस्टवर टेप धरून फोटो काढा आणि बिलासोबत जपून ठेवा. ठेकेदाराशी करारात जॉइस्टमधलं अंतर आणि "उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे" हे शब्द लिहून घ्या. तो नको म्हणाला तर दुसरा ठेकेदार बघा.

मापापेक्षा दहा टक्के फळ्या जास्त मागवाव्यात. काही कापण्यात जातील, उरलेल्या चार-पाच सपाट आणि सावलीत ठेवा. पाच वर्षांनी तोच रंग, तीच खाच बाजारात मिळेल याची खात्री नसते.

जुन्या फळ्यांचं राहिलं. त्या प्रिझर्व्हेटिव्ह मुरवलेल्या असल्या तर, आणि बाहेरच्या कामाचं लाकूड बऱ्याचदा तसंच असतं, चुलीत किंवा शेकोटीत घालू नका. जुन्या प्रकारच्या काही प्रिझर्व्हेटिव्हमध्ये आर्सेनिक असतं, ते धुरात आणि राखेत येतं. नव्या फळ्यांची कापलेली टोकंही जाळायची नाहीत. मजूर संध्याकाळी आवरताना दोन्हींचा ढीग एकत्र करून काडी लावतात. त्यांना पहिल्याच दिवशी बजावून ठेवा.